सरीच्या तोंडाशी गाठ

पणदऱ्याची वृषाली बारामतीला अकरावी सायन्सला होती. भौतिकशास्त्राचं गणित वाचत ती तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिल्या ओळीतला वेग डोक्यातून निघून गेलेला असे. वेगाचा तो स्वभावच म्हणा. गंमत म्हणजे विषय तिला मनापासून आवडायचा.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तपासून सांगितलं : अध्ययन अक्षमता आहे, कार्यस्मृती तोकडी. बुद्धी चांगली, पण एका वेळी डोक्यात धरून ठेवायला जागा कमी. त्यांनी दिलेल्या दाखल्यावर परीक्षेत वेळ वाढवून मिळाला. तो तिने पहिली ओळ पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवला. पन्नासपैकी सहा.

भौतिकशास्त्राच्या संभाजी सरांनी तिच्या हातात शाखा बदलण्याचा कोरा फॉर्म ठेवला. "शनिवारी फेरपरीक्षा. अडकलीस तर हा भर, आर्ट्सला जा. तिथं गणितं नसतात."

गुरुवारी सकाळी आजी चंद्राबाई उसाला पाणी देत होत्या. एक सरी भिजली की तिच्या तोंडाशी उसाच्या पानाला गाठ मारायची आणि पुढच्या सरीला पाणी वळवायचं.

"आज्जे, किती सऱ्या झाल्या?"

"मला काय ठावं? गाठी मोज की."

"डोक्यात न्हाय ठेवत?"

"डोक्यात कशापायी? एवढं रान पडलंय की ठेवायला."

चंद्राबाईंना यात काही शिकवायचं नव्हतं. पलीकडे उंदराच्या बिळातून पाणी चाललं होतं, त्या तिकडे गेल्या.

शनिवारी वृषालीने प्रश्नपत्रिका एकच ओळ दिसेल अशी दुमडली. ओळ वाचायची, त्यातला आकडा चित्रात मांडायचा, मग पुढची घडी. पर्यवेक्षिका प्रगती मॅडम येऊन थांबल्या. इतक्या घड्यांचा कागद कॉपीशिवाय दुसरं काही असू शकतो, असा त्यांना बावीस वर्षांत अनुभव नव्हता. त्यांनी तो काढून घेतला आणि सरांना बोलावलं.

सरांनी उलगडला. आत त्यांचेच प्रश्न निघाले.

"हे काय गं?"

"गाठी हायत, सर. भिजलेल्या ओळींच्या."

सरांनी उत्तरपत्रिका पाहिली. एक गाडी, तिला बाण, बाणावर वेग. बराच वेळ पाहूनही तो तिथेच होता.

"मॅडम, गेलेली पाच मिनिटं हिला वाढवून द्या," ते म्हणाले.

पन्नासपैकी सव्वीस मिळाले. फॉर्म मात्र वाया गेला नाही. त्याची मागची बाजू कोरी होती, तिथे वृषालीने पुढच्या धड्यातली कप्पी काढली.