दुसऱ्यांदा वाढलेला गुलाबजाम

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत दिवाळीला कमिटीची माणसं वॉचमन आणि सफाईवाल्यांना पंगतीत बसवून स्वतः वाढतात. काल मीही वाढत होतो. वेलचीच्या गरम पाकाचा वास आला आणि माझा हात अडला.

मी नौदलात होतो तेव्हा तिथेही सणाच्या जेवणाला, म्हणजे 'बडा खाना'ला, अधिकारी आम्हा खलाशांना वाढायचे. एका दिवाळीला आम्ही भर समुद्रात होतो. मी वायरलेसवर. सकाळीच निरोप आला की जनार्दनचे वडील गेले. जनार्दन उरणजवळच्या मोऱ्याचा, माझा जिवलग. मी कागद कॅप्टनसाहेबांच्या हातात दिला. किनारा तीन दिवस लांब होता. "पहले उसे पेटभर खाने दो," ते म्हणाले, "फिर मैं बताऊँगा."

दुपारी जनार्दन माझ्याच शेजारी बसला. साहेबांनी त्याला गुलाबजाम वाढला, पुढे गेले, मग मागे वळून आणखी दोन घातले. जनार्दनने मला कोपराने ढोसलं.

"बगितलंस? साहेबानी मना दोनदा वाढलं. आपली वट हाय!"

मी हसलो. त्याने त्यातला एक माझ्या ताटात टाकला, तोही मी खाल्ला.

तेव्हा वाटलं, हुकूम पाळला. आता वाटतं, हुकूम गप्प राहायचा होता, हसायचा नव्हता.

जेवणानंतर साहेबांनी त्याला केबिनमध्ये नेलं. तो परत आला तेव्हा मी अजून ताटापाशीच बसलो होतो. तो माझ्यासमोर उभा राहिला. जहाजावरचा प्रत्येक निरोप आधी माझ्या कानावर येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं. ते चाटूनपुसून साफ केलेलं होतं.