आईच्या कोयत्याची नोंद

पंचाहत्तरी ओलांडलेली माझी निवृत्त शिक्षिका आई अंगणात पडणाऱ्या नारळाच्या झावळ्या स्वतःच तोडते. तिचा कोयता मोडला, म्हणून मी तिला कसबा पेठेतल्या एका दुकानात नेलं.

"आजी, आधार कार्ड लागेल," दुकानदार संकोचून म्हणाला. "कोयत्याचे हल्ले वाढलेत, म्हणून पोलिसांनी नोंद ठेवायला सांगितलंय."

आई चिडेल असं मला वाटलं. पण तिने कार्ड दिलं, वही जवळ ओढली आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'झावळ्या तोडणे'.

"राग नाही ना आला?" त्याने विचारलं.

"अहो, राग कसला? माझ्यावर संशय घेणारे तुम्हीच पहिले!"

रिक्षात ती कागदात गुंडाळलेला कोयता मांडीवर घेऊन ताठ बसली होती आणि विश्रांतवाडी येईपर्यंत स्वतःशीच हसत होती.