देवाच्या मुठीचा डबा

माझं शिक्षण आठवीपर्यंत. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या. जन्माने ख्रिस्ती आहे, पण चर्चमध्ये कुणी चमत्काराची साक्ष द्यायला उभं राहिलं की मी मान खाली घालून मोबाइल बघायचो. असल्या गोष्टींवर विश्वास नव्हताच... आणि हे लिहितानाही अर्धा संशय माझा मलाच आहे.

गाव चंद्रपूरकडचं. पुण्यात धायरीला पत्र्याच्या खोलीत एकटा राहतो, वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर काम. आमच्या घरी एक पद्धत आहे — भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकायचा, आणि महिनाअखेर तो चर्चला न्यायचा. तिथून गरजू घरांना जातो. निघताना आईने डबा आणि गावचे तांदूळ दोन्ही बांधून दिले. "मूठ चुकवू नोको बेटा," एवढंच म्हणाली.

मागच्या वर्षी उजवा हात मशीनमध्ये सापडला. मनगट मोडलं. ठेकेदार म्हणाला, "बरा झालास की ये." त्यानंतर फोनच उचलेना. घरातले तांदूळ संपले. आईला सांगितलं असतं तर तिने परत बोलावलं असतं, आणि पुणं कायमचं सुटलं असतं. राहिला फक्त देवाचा डबा, अर्धा भरलेला.

मी त्यातलंच खाऊ लागलो. चोरीच ती. भीती वाटायची, रागही यायचा — म्हटलं, हात तू मोडू दिलास ना, मग आता तूच खाऊ घाल.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं... डबा उतरतच नाहीये.

पहिला संशय घरमालकीण आक्कांवर. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच. तांदूळ होता तिथे मी डब्यात आतून पेन्सिलने रेघ मारली. दुपारी दोन मुठी काढल्या. तांदूळ रेघेच्या बोटभर खाली गेला. तो सपाट करून वर बोटाने क्रूस काढला. डाव्या हाताने, त्यामुळे वाकडा, एक बाजू लांब. कुणी वरून दाणे टाकले तर तो बुजणारच.

सकाळी झाकण काढलं. तांदूळ रेघेला टेकलेला. आणि वर क्रूस तसाच... माझाच, वाकडा.

तडक आक्कांकडे गेलो.

"आक्का, माझ्या खोलीत गेला होतात का?"

"कशाला? तुझ्या त्या एका बादलीवर दरोडा घालाया?"

"नाही हो... डब्यात कुणीतरी तांदूळ टाकतंय."

"आमच्याकडं इंद्रायणी हाय. म्या टाकला असता तर भाताचा गोळा झाला असता. झाला व्हय?"

नव्हता झाला. भात मोकळा होता, गावच्याच तांदळाचा. तो इथे माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही. त्या दिवसापासून आक्का वाटीभर कालवण मात्र पाठवू लागल्या. मी त्या वाटीकडेही संशयानेच बघायचो, देव मला माफ करो.

चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी उंदीर आहेत का बघा."

"साहेब, उंदीर तांदूळ नेतात. आणून टाकत नाहीत."

ते हसले नाहीत. "मग साक्षीची घाई करू नका," म्हणाले.

दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, भ्रम असेल, म्हणून रोज सकाळी डब्याचे फोटो काढले. दोन दिवसांचे दोन फोटो — कुणालाही दाखवले तर म्हणतात, एकच आहे.

हात धड होता तेव्हा मूठ टाकताना मी देवाशी एक शब्द बोललो नव्हतो. त्या दिवसांत मात्र झाकण काढण्याआधी थांबायचो. आधी विचारायचो, "कोण आहेस?" नंतर नंतर विचारू लागलो, "आजही आहेस ना?"

प्लास्टर निघालं, ठेकेदाराने परत घेतलं. पहिल्या रविवारी अख्खा डबा चर्चच्या पोत्यात ओतला. तेव्हापासून तो साध्या डब्यासारखा वागतो. जेवढं टाकावं तेवढंच भरतं. कारण मला आजही कळलेलं नाही.

मूठ टाकल्यावर अजूनही तांदूळ सपाट करतो आणि बोटाने क्रूस काढतो. उजवा हात बरा आहे, तरी डाव्यानेच. तेव्हा हाच क्रूस चोर पकडायला काढायचो.