दसऱ्याच्या दिवशी गाडी तापली

मंडळी, हे फक्त तुम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांनाच सांगू शकतो, म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहायला बसलोय.

आज दसरा. सकाळी आईने माझ्या वीस वर्षं जुन्या टू-सीटर स्पोर्ट्स कारची पूजा केली आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हा जाडजूड हार बांधला. दुपारी आईला घेऊन सोनं द्यायला दिंडोरीला मामाकडे निघालो. म्हसरूळ येईपर्यंत टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्ट्यात!

गाडीला मेकॅनिकचा हात लागू देत नाही, ही माझी ऐट. बॉनेट उघडलं. पाणी बघितलं, बेल्ट बघितला, पंख्याचा फ्यूजसुद्धा बदलला. सगळं ठणठणीत. आत बसलेली आई पदराने वारा घेत म्हणतेय, "मामा वाट बघत असेल रे."

शेवटी वाकून जाळीतून डोकावलो. अख्खा रेडिएटर झेंडूच्या पाकळ्यांनी लिंपलेला! हवा जाणार कुठून? हार इतका वेळ डोळ्यांसमोरच होता, पण हारावर संशय कोण घेणार?

पाकळ्या काढल्या, हार मागे डिकीवर बांधला. काटा निमूट खाली आला.

"बघ, तुझ्याच हाराने तापवली होती," मी म्हणालो.

आई शांतपणे म्हणाली, "हार होता म्हणून एवढ्यावर भागलं."

मोबाइलला कॅमेरा नाही, नाहीतर तेव्हाचं माझं तोंड दाखवलं असतं. यावर तुम्ही काय बोलला असता?