चार बोटं छाटलेला पंखा

तारकर्लीच्या किनाऱ्यावर विमानयुग अवतरलं ते आमच्या डोळ्यांदेखत. ते एका ओहोटीपुरतं टिकलं.

साठच्या आसपासची गोष्ट. दोन माणसांचं एक छोटं विमान भर दुपारी ओल्या, घट्ट वाळूवर उतरलं. आत वैमानिक आणि एक पुढारी. पुढाऱ्यांची सभा होती दुसरीकडेच. वाटेत आम्हालाही दर्शन द्यावं असं त्यांच्या मनात आलं. मी तेव्हा शाळेत मास्तर. शाळा मी सोडली नाही, ती आपोआप सुटली.

"देश आकाशात झेपावतो आहे," पुढारी म्हणाले. त्यांच्यामागे वैमानिक कपाळाला हात लावून उभा होता. थांबता थांबता विमान होड्या बांधायच्या खुंटाला लागलं होतं, आणि लाकडी पंख्याच्या एका पात्याचं टोक चार बोटं उडालं होतं. वर ओढावं तर वाळू भुसभुशीत, चाकं रुतायची. भरतीच्या आत उडालं नाही तर विमान समुद्राचं.

वैमानिकाने पंखा उतरवला, होड्या बांधणाऱ्या सुताराकडून करवत घेतली आणि शाबूत पात्यावर खूण केली.

सुतार कळवळला. "मोडलेला सोडून बरा पातां कित्याक कापतास?"

"दोन्ही सारखी नसली तर इंजिन हादरून निखळेल."

"म्हणजे भावांची वाटणी! एकाचा गेला तर दुसऱ्याचाय जावक व्हया."

पात्यांचा तोल जमेपर्यंत वैमानिक घासत राहिला. पंखा परत चढला तेव्हा पाणी चाकांपासून हातभर होतं. तेवढ्यात एक म्हातारे नारळ घेऊन पंख्यावरच फोडायला धावले. नव्या होडीच्या टोकावर फोडतात तसा. वैमानिक हात पसरून आडवा झाला. अखेर नारळ चाकापुढच्या दगडावर फुटला आणि म्हाताऱ्यांचं देवाला गाऱ्हाणं सुरू झालं, मागून सगळ्यांचा होकार.

"बा देवा म्हाराजा, ह्या इमान सुखरूप वर जांव दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि दर वरसा असाच मोडान हंयसर आमच्या गावात येव दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज वैमानिकाचा. त्याला मालवणी येत नव्हती.

पुढारी चढू लागले.

"साहेब, पंखा आखूड झाला. आता एकालाच उचलेल."

"मग मी जातो."

"चालवणार कोण?"

विमान पाणी उडवत धावलं आणि माडांच्या शेंड्यांवरून वर गेलं. आम्ही टोप्या उडवल्या, सुताराने करवत.

पुढारी बैलगाडीने मालवणला गेले आणि तिथून एसटीने. वाटेतलं कट्टा गाव येईपर्यंत उभ्याने.