कळवळ्याच्या जागी

आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या काकांना सगळे 'कानामात्रा' म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटली नव्हती. बायकोच्या चिठ्ठीतलं 'दुध' आधी 'दूध' करायचे आणि मग आणायला जायचे. चर्चचं रविवारचं पत्रकही तेच तपासत, कारण आमचे मालकच चर्चच्या समितीचे अध्यक्ष होते.

कामाला उशीर होतो म्हणून मालकांनी कटिंग मशीनच्या पात्यापुढची जाळी काढायला लावली. आठवड्याच्या आत बाइंडिंगवाल्या ताईची दोन बोटं गेली. लगेच सह्यांसाठी कागद फिरला: जाळी जागेवर होती, ताईनंच ती सरकवली. तिची नोकरी त्या कागदावर लटकलेली. कानामात्रांनी तो वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. मीही केली. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायला मी काही एकटा नव्हतो.

रविवारी ताई हाताला पट्टी बांधून शेवटच्या बाकावर बसली होती. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, बायकांनी उसासे टाकले, समितीनं ब्लँकेट दिलं. दोन बोटांना एक ब्लँकेट! मग मालक पत्रकातून पाठ वाचायला उभे राहिले. कुष्ठरोगी येशूच्या पाया पडतो, ती गोष्ट. त्याला पाहून येशूला कळवळा आला, हे आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ. मालकांनी मात्र छापलेलंच वाचलं, "त्याला पाहून येशूला राग आला," आणि ते अडखळले.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांनी कानामात्रांना घेरलं.

"काका, डोळे तपासून घ्या एकदा."

मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चालायचंच. वय झालं. मी काही रागावलो नाही हं."

"मी रागावलोय," कानामात्रा म्हणाले. "पत्रकात चूक नाही. एका जुन्या हस्तलिखितात 'राग आला' असंच आहे, मी मुद्दाम तेच छापलं. राग रोग्याचा नव्हे, त्याला गावाबाहेर काढणाऱ्यांचा. चूक त्या दुसऱ्या कागदात आहे, मी सही केली त्यात. जाळी नव्हती. तुम्हीच काढायला लावलीत."

मालकांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक हळूच म्हणाले, "बिचारे फार थकलेत. चला, यांच्यासाठीही प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. ताईनं नाही. ती सरळ माझ्याजवळ आली.

"दादा, तुम्ही पण होतात ना मशीनपाशी? सांगा ना."

मी डोळे मिटून घेतले. शेवटी आमेन मात्र मोठ्यानं म्हणालो.

ताईला परत कामावर घेतलं नाही. कानामात्रांना प्रकृतीच्या कारणास्तव घरी बसवलं. पत्रक हल्ली मी तपासतो. 'कळवळा' अगदी बिनचूक छापला जातो.