तांदळात लिहिलेलं नाव

सुनेचं नाव बदलायचं मी ठरवलं. बायको नको म्हणत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता ती गेली आणि तिच्या बाजूनं बोलायला ती नाही.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. शिक्षण चौथी. शेवटची नेमणूक जयपूरला, तिथूनच पेन्शनीवर निघालो. शहराच्या मानसरोवर भागात तेव्हा नवी घरं होत होती, तिथं एक घेतलं आणि राहिलो. ऐंशीनंतरची गोष्ट. मुलगा विम्याच्या कचेरीत. सून माझ्या पलटणीतल्या जोडीदाराची मुलगी, रशियात शिकून डोळ्यांची डॉक्टर होऊन आलेली.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. मी मुलाला माझ्या आईचं नाव लिहायला लावलं.

बायको म्हणाली, "अहो, तिच्या कागदांवर तिचं नाव आहे. राहू द्या की."

"तुझं बदललं तेव्हा काय बिघडलं?"

रेशनकार्डावर नवं नाव चढलं. डॉक्टरकीच्या नोंदणीचा अर्जही मुलानं त्याच नावानं भरला. बाहेरच्या देशात शिकलेल्याला इथं नोंद झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. एका इस्पितळानं तिच्यासाठी जागा धरली होती, पण महिनाअखेरपर्यंतच.

अर्ज परत आला. मी स्वतः नोंदणी कचेरीच्या खिडकीवर गेलो. बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "बाबूजी, रूस में जो पढ़ी वो कोई और है। ये कोई और है।"

मी म्हणालो, "एकच आहे. मतलब, लग्न झालं."

"शादी में सरनेम बदलता है। आपने तो तीनों बदल दिए। बाप का नाम भी गया, लड़की का अपना भी।" मागे रांगेतली माणसं हसली. त्यानं सांगितलं, नवं नाव हवं तर रशियातून कागद बदलून आणा. जुनं चालवायचं तर अर्ज नव्यानं भरा, आणि हे नाव आम्हीच ठेवलं होतं, ते आता वापरात नाही, असं घरातल्या मोठ्यानं हलफनाम्यावर, म्हणजे शपथपत्रावर, लिहून द्या.

घरी आलो तर सून पोळ्या लाटत होती. तिच्या पोळ्या वाईट व्हायच्या, खोटं कशाला सांगू. सगळं ऐकून ती म्हणाली, "मामा, मी काय सांगणार? तुमच्या आईचं नाव आहे."

"ती नाही बोलणार, मी बोलते," बायको म्हणाली. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, आणि सून सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे ती जात नव्हती. "तुम्ही बाहेर पडलात की मी हिला हिच्याच नावानं हाक मारते. पहिल्या दिवसापासून."

"आणि मी आलो की?"

"आलात की 'अगं' म्हणते."

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे बसलो. आईचं नाव वापरात नाही, असं त्यानं छापलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि सही केली. महिना संपायला चार दिवस असताना नोंद झाली. सून कामावर गेली. पोळ्या परत बायको करायला लागली.

थंडीत सुनेनं बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. चष्मा मिळाल्यावर बायकोनं सुनेचं सर्टिफिकेट मागून घेतलं आणि तिन्ही नावं बोट ठेवून वाचली. मग मला म्हणाली, "माझं माहेरचं आठवतं का तुम्हाला?"

आडनाव लगेच आठवलं. तिचं स्वतःचं नाव आठवेना.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि मग तिनंच सांगितलं.

गेल्या वर्षी ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर मी ठेवलेलं नावच लिहावं लागलं, सगळे कागद त्याच नावाचे. घरातल्या बायकोच्या फोटोखाली सुनेनं तिचं माहेरचं नाव लिहिलंय. मला विचारलं नाही. मीही ते तसंच ठेवलं.